स्ट्रायकर सुटतो कसा आणि थांबतो कसा : जवळच्या शॉटसाठी स्ट्रायकरची निवड



आपल्या जळोचीच्या हॉस्टेलांवर परीक्षा असो, सबमिशन असो की लाईट गेलेली असो, कॅरम काही थांबत नाही. मेसमधून हात धुऊन आलेला माणूस अभ्यासाला बसायच्या आधी "एकच बोर्ड" म्हणतो आणि साडेअकराला उठतो. या खेळात सोंगट्या, बोर्ड आणि पावडर सगळ्यांची सारखीच असते. फक्त एकच वस्तू ज्याची त्याची असते, ती म्हणजे स्ट्रायकर. म्हणूनच हरलेला माणूस सगळा दोष स्ट्रायकरला देतो आणि पुढच्या रविवारी बारामतीत जाऊन आणखी जड स्ट्रायकर घेऊन येतो!

या लेखात मला एकाच प्रश्नाचा अभ्यास मांडायचा आहे. जवळच्या शॉटसाठी स्ट्रायकर कसा निवडायचा? लांबचा शॉट किंवा ब्रेक हा माझा विषय नाही. बोर्ड जिंकला की हरला हे बहुतेक वेळा शेवटच्या दोन-तीन सोंगट्यांवर ठरतं, आणि त्या बऱ्याचदा पॉकेटच्या तोंडाशी किंवा वीतभर अंतरावर असतात. तिथे ताकद लागत नाही, तरीही सगळ्यात जास्त ड्यू तिथेच पडतात. असं का होतं, हे पहिल्या वर्षी इंजिनिअरिंग मेकॅनिक्समध्ये शिकलेल्या 'इम्पॅक्ट'च्या धड्यातून छान कळतं. हा धडा आपण सगळ्यांनी शिकलाय, काहींनी तर दोनदा शिकलाय. तेव्हा घाबरू नका, गणित सोपं आहे.

नियम काय सांगतात?

कॅरम म्हणजे फक्त टाइमपास, असं समजणाऱ्यांसाठी थोडी माहिती. अखिल भारतीय कॅरम महासंघ १९५६ साली स्थापन झाला आणि आंतरराष्ट्रीय महासंघ १९८८ साली. पहिली जागतिक स्पर्धा १९९१ साली दिल्लीत झाली. ती जिंकणारे चेन्नईचे मारिया इरुदयम यांना १९९६ सालचा अर्जुन पुरस्कार मिळाला. आपल्या महाराष्ट्राच्या प्रशांत मोरे यांनीही जागतिक विजेतेपद मिळवलेलं आहे. म्हणजे या खेळाला रीतसर मापं आहेत आणि ती आपल्या उपयोगाची आहेत.

स्ट्रायकरचा व्यास जास्तीत जास्त ४.१३ सेंमी आणि वजन जास्तीत जास्त १५ ग्रॅम. तो धातूचा चालत नाही. सोंगटीचा व्यास ३.०२ ते ३.१८ सेंमी, जाडी ७ ते ९ मिमी, वजन ५ ते ५.५ ग्रॅम. पॉकेटचा व्यास ४.४५ सेंमी. बोर्ड किती गुळगुळीत असावा हेसुद्धा नियमात स्ट्रायकरवरूनच सांगितलंय. १५ ग्रॅमचा स्ट्रायकर एका बाजूने पूर्ण जोरात मारला तर तो बोर्डावर साडेतीन वेळा इकडून तिकडे गेला पाहिजे.

या आकड्यांत एक गंमत आहे. पॉकेट ४.४५ आणि स्ट्रायकर ४.१३, म्हणजे स्ट्रायकर पॉकेटमध्ये जाताना दोन्ही बाजूंना जेमतेम दीड मिलिमीटर जागा राहते. तरीही तो जातो, आणि नको तेव्हा हमखास जातो! तो गेला की पडलेली सोंगटी परत बोर्डावर येते आणि वर दंडाची एक सोंगटी बाहेर काढावी लागते. म्हणजे एका चुकीच्या टिचकीत दोन सोंगट्यांचा फटका. शेवटच्या बोर्डाला हा फटका म्हणजे गेमच जातो.

जवळचा शॉट म्हणजे नेमका कोणता?

माझ्या मते जवळचे शॉट तीन प्रकारचे.

पहिला, तोंडावरची सोंगटी. ती पॉकेटच्या काठाला टेकलेली असते, फक्त ढकलायची असते.

दुसरा, वीतभर अंतरावरचा कट. सोंगटी पॉकेटपासून १५-२० सेंमीवर असते आणि तिला बाजूने स्पर्श करून वळवायची असते.

तिसरा प्रकार आपल्याकडे फार कमी जण खेळतात. तो म्हणजे सोंगटी पॉकेटमध्ये न टाकता तोंडाशी नेऊन ठेवणं. सरळ रस्ता नसतो, तेव्हा जाणकार खेळाडू पुढच्या वेळेची सोय करतो आणि त्याचबरोबर समोरच्याची वाट अडवतो. हा शॉट दिसायला साधा, पण सगळ्यात अवघड. कारण इथे दिशेइतकंच अंतरही बरोबर यावं लागतं.

तिन्ही प्रकारांत सोंगटी फार लांब जायची नसते. मग पाहायचं काय? टक्कर झाल्यावर स्ट्रायकर किती पुढे जातो ते. माझा सगळा मुद्दा हाच आहे. लांबच्या शॉटला स्ट्रायकर सुटतो कसा ते बघा, जवळच्या शॉटला तो थांबतो कसा ते बघा.

वजनाचं गणित

समजा, सोंगटी ५.२५ ग्रॅमची आहे आणि टक्कर समोरासमोर होतेय. टक्करीतली लवचिकता, म्हणजे आपल्या पुस्तकातला 'कोएफिशियंट ऑफ रेस्टिट्यूशन', आपण ०.८ धरू. हा आकडा गणितापुरता गृहीत धरलेला आहे. सोंगटी लाकडाची की प्लास्टिकची, नवी की झिजलेली, यावर तो बदलतो. स्ट्रायकर आणि सोंगटी दोघांनाही बोर्डाचं घर्षण सारखंच आहे असंही धरू.

संवेगाचं समीकरण आणि लवचिकतेचं समीकरण एकत्र सोडवलं की टक्करीनंतरचे दोन वेग मिळतात. आपल्याला हवंय ते त्यांचं गुणोत्तर, म्हणजे सोंगटीच्या वेगाच्या तुलनेत स्ट्रायकरकडे किती वेग उरला. १५ ग्रॅमच्या स्ट्रायकरसाठी हे येतं ०.४०. १२ ग्रॅमसाठी ०.३६. १० ग्रॅमसाठी ०.३२.

आता घसरत जाणारी वस्तू किती अंतरावर थांबते हे वेगाच्या वर्गावर अवलंबून असतं. वजन त्यात येतच नाही. दोन्ही बाजूंनी वस्तुमान कटून जातं, हे आठवत असेल. त्यामुळे "जड स्ट्रायकर लवकर थांबतो" हेही खरं नाही आणि "जड स्ट्रायकर थांबतच नाही" हेही खरं नाही. वेग सारखा आणि तळ सारखा असेल, तर दोन्ही एकाच अंतरावर थांबतात. फरक पडतो तो टक्करीनंतर कुणाकडे किती वेग शिल्लक राहतो यामुळे.

वरच्या आकड्यांचा वर्ग करा. समजा, मोकळ्या बोर्डावर सोंगटी १०० सेंमी जाईल एवढा जोर तुम्ही लावला. तर तिच्या मागे १५ ग्रॅमचा स्ट्रायकर १६ सेंमी जाईल, १२ ग्रॅमचा १३ सेंमी आणि १० ग्रॅमचा साधारण १० सेंमी. म्हणजे सोंगटीला तेवढाच वेग दिला तरी १५ ग्रॅमचा स्ट्रायकर १० ग्रॅमच्या दीडपट पुढे जातो.

आता हे तोंडावरच्या सोंगटीला लावून पाहू. सोंगटीची कड पॉकेटच्या काठाला टेकलेली आहे. टक्करीच्या क्षणी स्ट्रायकरचं केंद्र सोंगटीच्या केंद्राच्या साधारण ३.६५ सेंमी मागे असतं. सोंगटीचं केंद्र काठापासून १.६ सेंमीवर. दोन्ही मिळून सव्वापाच सेंमी. स्ट्रायकर एवढा पुढे गेला की त्याचं केंद्र काठाच्या पलीकडे जातं आणि तो पडायला लागतो. याचा अर्थ, १५ ग्रॅमच्या स्ट्रायकरने सोंगटी ३३ सेंमी जाईल इतपतच जोर चालतो, त्याच्यापुढे ड्यूची भीती. १० ग्रॅमला हीच मर्यादा ५० सेंमीपर्यंत जाते. १२ ग्रॅमला ४०.

पण थांबा, यातला खरा धडा वेगळाच आहे. काठावरच्या सोंगटीला पॉकेटमध्ये पडायला जायचं असतं फक्त दोन-तीन सेंमी! म्हणजे १५ ग्रॅमच्या स्ट्रायकरलासुद्धा गरजेच्या दहापट मोकळीक आहे. सोंगटी १० सेंमी जाईल एवढ्याच जोराने मारलं, तर जड स्ट्रायकर दीड सेंमीवर थांबतो. वजनामुळे फरक पडतो दीडपट, पण जोरामुळे फरक पडतो दहापट. म्हणून जवळच्या शॉटला पहिलं औषध हलकी टिचकी, आणि दुसरं औषध योग्य वजन. हा क्रम उलटा केला की पैसे जातात आणि ड्यू मात्र राहतात.

'जड म्हणजे जोरदार' हा समज

कॉमनरूममध्ये ठामपणे सांगितलं जातं की जड स्ट्रायकरने सोंगटी जोरात जाते. हे कितपत खरं आहे?

यात दोन टोकं आहेत. एक टोक असं, की बोट प्रत्येक स्ट्रायकरला सारखाच वेग देतं. मग १५ ग्रॅमचा स्ट्रायकर सोंगटीला १० ग्रॅमपेक्षा १३ टक्के जास्त वेग देतो. दुसरं टोक असं, की बोट प्रत्येक स्ट्रायकरला सारखीच ऊर्जा देतं. मग जड स्ट्रायकर मुळातच हळू सुटतो, आणि सोंगटीला उलट ८ टक्के कमी वेग मिळतो. आपलं बोट या दोन टोकांच्या मध्ये कुठेतरी आहे. म्हणजे १० वरून १५ ग्रॅमवर, दीडपट वजनावर जाऊनही हाताशी लागतो तो फार तर १३ टक्के फायदा.

मग चांगले खेळाडू १५ ग्रॅमच्या जवळचा स्ट्रायकर का वापरतात? कारण जड स्ट्रायकर आपली रेषा सोडत नाही. सोंगट्यांच्या घोळक्यात शिरताना, ब्रेक करताना, एका सोंगटीला स्पर्श करून दुसरीपर्यंत पोचताना हलका स्ट्रायकर पटकन वळतो, जड कमी वळतो. हा फायदा खरा आहे. पण त्यांच्या बोटावर वर्षानुवर्षांचा ताबा असतो, त्यामुळे जवळच्या शॉटला जोर कमी करणं त्यांना जमतं. त्यांचा स्ट्रायकर आणता येतो, बोट आणता येत नाही.

नेम आणि व्यास

दुसरा गैरसमज व्यासाबद्दल. "लहान स्ट्रायकरने नेम चांगला लागतो" असं म्हणतात. तपासून पाहू.

सोंगटी कुठे जाईल हे टक्करीच्या क्षणी दोन्ही केंद्रं जोडणाऱ्या रेषेवर ठरतं. ही रेषा साधारण ३.६५ सेंमीची. समोरासमोरच्या शॉटमध्ये स्ट्रायकर एक मिलिमीटर बाजूला लागला, तर सोंगटीची दिशा दीड अंशाच्या थोडी वर चुकते. २० सेंमी अंतरावर ही चूक साडेपाच मिलिमीटर होते, ३० सेंमीवर आठ मिलिमीटर. पॉकेट आणि सोंगटी यांच्यात प्रत्येक बाजूला मोकळीक आहे सव्वासहा मिलिमीटरची. म्हणजे वीतभर अंतरापर्यंत एक मिलिमीटरची चूक पॉकेट पोटात घालतं, त्यापुढे घालत नाही. पातळ कट असेल तर चूक आणखी वाढते.

आता स्ट्रायकरचा व्यास ४.१३ ऐवजी ३.९ घ्या. चूक १.५७ अंशांवरून १.६२ अंशांवर जाते. म्हणजे फरक जवळजवळ शून्य, आणि तोही लहान स्ट्रायकरच्या विरुद्ध. शिवाय लहान स्ट्रायकर पॉकेटमध्ये जास्त सहज पडतो. तेव्हा जवळच्या शॉटसाठी व्यास नियमाच्या कमाल मापाजवळचाच घ्यावा, असं माझं मत आहे. दोन सोंगट्यांच्या फटीतून जायची वेळ आली तर लहान बरा वाटतो, पण तो प्रसंग किती वेळा येतो?

तळ, कड आणि प्लास्टिक

वजन आणि व्यास सगळे विचारतात, तळ कुणीच बघत नाही. खरं तर थांबण्याचा सगळा कारभार तळावर चालतो.

पूर्वी हस्तिदंताचे स्ट्रायकर असत. हस्तिदंताच्या व्यापारावर बंदी आली आणि आता सगळे प्लास्टिकचेच. त्यातही काहींचा तळ एकदम सपाट असतो, काहींच्या तळाला गोल खाचा असतात. खाचांमध्ये पावडर अडकून बसते, आणि ती दमट झाली की स्ट्रायकर आज एक चालतो आणि उद्या दुसरं. म्हणून खेळायच्या आधी सुती फडक्याने तळ पुसायची सवय लावून घ्या.

दोन्ही बाजू सारख्या आहेत का तेही पाहा. बऱ्याच स्ट्रायकरांना एका बाजूला चित्र किंवा नाव असतं. ती बाजू वेगळी घसरते. अशा वेळी एक बाजू ठरवा आणि कायम तीच खाली ठेवा.

कडेवर टवका उडालेला असेल तर तो स्ट्रायकर बाद. कडेला टवका असला की टक्कर कुठे होईल याचा भरवसा नाही. टक्कर मंद झाली तर काय होतं, हे आपल्याच गणितात पाहता येतं. लवचिकता ०.८ ऐवजी ०.६ धरली, तर १५ ग्रॅमचा स्ट्रायकर १६ ऐवजी २४ सेंमी पुढे जातो. म्हणजे झिजक्या, मऊ पडलेल्या सोंगट्यांवर ड्यू जास्त पडतात, हे निव्वळ नशीब नाही.

दुसऱ्या एका खेळाचा दाखला

जवळच्या शॉटसाठी वेगळं साधन लागतं, हा विचार कॅरमपुरता नाही. अमेरिकेत डिस्क गोल्फ नावाचा खेळ आहे. आपण फ्रिस्बी म्हणतो तशी तबकडी दूरवरून फेकत फेकत शेवटी साखळ्या लावलेल्या टोपलीत टाकायची. एड हेडरिक या माणसाने १९७५ साली कॅलिफोर्नियातल्या ओक ग्रोव्ह पार्कमध्ये त्याचं पहिलं कायमस्वरूपी मैदान मांडलं, आणि साखळ्यांची टोपलीही त्याचीच.

त्या खेळात एका माणसाजवळ अनेक तबकड्या असतात. लांब फेकायची तबकडी म्हणजे ड्रायव्हर. तिची कड पातळ, धारदार. ती हवा कापत जाते आणि जमिनीवर पडली की घसरत पुढे पळते. टोपलीजवळ आल्यावर वापरायची तबकडी म्हणजे पटर. तिची कड बोथट, खोली जास्त, बऱ्याचदा प्लास्टिक जरा मऊ. ती हळू उडते, सरळ राहते आणि पडली की तिथेच बसते. तिथेही वजनाला मर्यादा आहे, आणि ती व्यासाशी बांधलेली आहे. व्यासाच्या प्रत्येक सेंटिमीटरमागे ८.३ ग्रॅम. म्हणजे २१ सेंमीच्या तबकडीला साधारण १७४ ग्रॅम.

तिथला नवखा खेळाडूही आपल्यासारखाच. ३० मीटरवरून टोपलीजवळ जायचं असतं, तेव्हाही तो ड्रायव्हर काढतो आणि तबकडी टोपली ओलांडून झुडपात जाते. जाणकार पटर काढतो. लांब जाण्याची क्षमता तो मुद्दाम सोडून देतो आणि त्या बदल्यात थांबण्याची खात्री विकत घेतो.

कॅरममध्ये हे कसं लागू होतं? आपल्याकडे सहसा एका गेमला एकच स्ट्रायकर हातात असतो, शॉटप्रमाणे पिशवीतून दुसरा काढायची सोय नाही. म्हणून एकाच स्ट्रायकरमध्ये दोन्ही गुण शोधावे लागतात. नवीन शिकणाऱ्याला माझा सल्ला असा, की ब्रेकच्या जोराचा मोह थोडा सोडा आणि १२ ते १४ ग्रॅमच्या दरम्यानचा, पूर्ण व्यासाचा, सपाट तळाचा स्ट्रायकर घ्या. बोटावर ताबा आला, की मग १५ ग्रॅमचा घ्यायला कुणाची ना नाही.

बोर्ड आणि पावडर

बारामतीचा भाग पर्जन्यछायेचा. वर्षातले बरेच महिने हवा कोरडी, आणि मग परतीचा पाऊस आला की चार दिवसांत प्लायवूड फुगतं. कोरड्या दिवसांत सवय झालेली टिचकी पावसाळी दमटपणात अपुरी पडते. स्ट्रायकर बदलायच्या आधी बोर्ड बदललाय का ते बघा.

बोर्ड भिंतीला तिरका टेकवून ठेवू नका. वजनाने तो वाकतो, आणि मग सोंगटी आपोआप एका बाजूला जायला लागते. आडवा ठेवा, खिडकीपासून लांब ठेवा. पावडर चिमूटभर पुरते. ढीग टाकला की सोंगटीच्या पुढे बांध तयार होतो आणि जवळचा हलका शॉट नेमका तिथेच अडतो. आणखी एक, ही पावडर बोरिक ॲसिडची असते. खेळून झाल्यावर तसेच हात घेऊन मेसच्या ताटावर बसू नका.

वीस मिनिटांची चाचणी

स्ट्रायकर विकत घ्यायच्या आधी किंवा आहे तो तपासायला ही कृती करून पाहा. लागणारी साधनं आपल्या लॅबमध्येच आहेत.

१. लॅबमधल्या काट्यावर वजन करा. बाजारात १५ ग्रॅमच्या वरचेही स्ट्रायकर मिळतात आणि डबीवर लिहिलेला आकडा खरा असेलच असं नाही.

२. व्हर्नियरने तीन वेगवेगळ्या दिशांनी व्यास घ्या. तिन्ही आकडे एकच आले पाहिजेत.

३. स्वच्छ काचेवर ठेवून कडेने बघा. खालून उजेड दिसला तर तळ सपाट नाही. मग काचेवरच भोवऱ्यासारखा फिरवा. डगमगला तर बाद.

४. काठावर सोंगटी ठेवा. बेसलाईनवरून दहा वेळा मारा. किती वेळा सोंगटी पडली आणि त्यातल्या किती वेळा स्ट्रायकरही पडला, हे वहीत लिहा.

५. आता पॉकेटपासून ४० सेंमीवर सोंगटी ठेवा आणि ती पॉकेटमध्ये न टाकता तोंडाशी नेऊन थांबवायचा प्रयत्न करा, दहा वेळा. दर वेळी पॉकेटपासूनचं अंतर फूटपट्टीने मोजा. इथे सरासरीपेक्षा आकडे एकमेकांच्या किती जवळ आहेत ते महत्त्वाचं. लक्षात घ्या, टिचकीच्या वेगात १० टक्के फरक पडला की अंतरात २१ टक्के फरक पडतो. म्हणजे २० सेंमी जायची सोंगटी २४ सेंमी जाते.

६. दुसरा स्ट्रायकर घेऊन चौथी आणि पाचवी कृती परत करा. माणूस तोच, बोर्ड तोच, पावडर तीच. शक्यतो दुसऱ्या दिवशी क्रम उलटा करून पुन्हा एकदा करा, नाहीतर हात बसल्याचं श्रेय दुसऱ्या स्ट्रायकरला जातं.

ज्या स्ट्रायकरचे आकडे एकमेकांच्या जवळ येतील तो तुमचा. मग तो मित्राला भारी वाटो किंवा न वाटो.

वर्कशॉपमध्ये जमेल का?

जमेल! ॲक्रिलिकची घनता साधारण १.१८ ग्रॅम प्रति घन सेंमी. ४.१३ सेंमी व्यासाच्या वर्तुळाचं क्षेत्रफळ १३.४ चौरस सेंमी. म्हणजे १५ ग्रॅमसाठी जाडी साडेनऊ मिमी आणि १२ ग्रॅमसाठी साडेसात मिमीच्या किंचित वर. लेथवर ॲक्रिलिकचा दांडा फेसिंग करून, टर्निंग करून, पार्टिंग करून हा जॉब सहज निघतो. ॲक्रिलिक तापलं की चिकटतं, म्हणून फीड आणि वेग बेताचा ठेवावा लागेल, आणि तळाला शेवटी बारीक पॉलिश पेपर. पहिल्या वर्षीच्या मुलांना टॉलरन्स म्हणजे काय हे समजावायला याच्याइतका चांगला जॉब नाही. कारण इथे ०.१ मिमी चुकलं तर फक्त मार्क जात नाहीत, ड्यू पडतो! वर्कशॉपच्या सरांनी यावर विचार करावा, ही विनंती.

शेवटी हॉस्टेलच्या स्पर्धेबद्दल

हे सगळं लिहिण्यामागे एक कारण आहे. हॉस्टेलच्या स्पर्धेत ज्याच्याकडे स्वतःचा महागडा स्ट्रायकर असतो तो रुबाबात बसतो. आणि आसपासच्या गावातून आलेला, गणपती मंडळाच्या बोर्डावर शिकलेला एखादा ज्युनिअर कॉमनरूमचा टवका उडालेला स्ट्रायकर घेऊन खेळतो. दोघांचा खेळ सारखा असला तरी साधन सारखं नसतं. वर नियमापेक्षा जड स्ट्रायकर कुणी आणला तर तो तपासायची आपल्याकडे काहीच पद्धत नाही. मग सामना संपल्यावर वाद, आणि वादानंतर आठवडाभर अबोला.

म्हणून रेक्टर सरांना आणि क्रीडा प्रतिनिधींना माझ्या तीन सूचना आहेत. एक, स्पर्धेच्या आदल्या दिवशी प्रत्येक स्ट्रायकर काट्यावर ठेवावा, १५ ग्रॅमच्या वरचा बाद. दोन, तपासून घेतलेले दोन चांगले स्ट्रायकर, एक १५ ग्रॅमचा आणि एक १२-१३ ग्रॅमचा, कॉमनरूमच्या कपाटात ठेवावेत, ज्याला हवा त्याने मागून घ्यावा. तीन, उपांत्य फेरीपासून सोंगट्यांचा नवा संच वापरावा. या तिन्हींचा मिळून खर्च फारसा नाही, आणि काटा तर लॅबमध्ये फुकटच आहे.

आणि खेळणाऱ्या दोस्तांना एवढंच सांगतो. दुकानात स्ट्रायकर हातात घेतल्यावर तो किती जोरात जाईल हे विचारू नका, ते कुणीही सांगेल. तो कुठे थांबेल हे तुम्हाला आधी कळतंय का, एवढं बघा. कळत असेल तर तोच घ्या आणि वर्षभर बदलू नका.

– तृतीय वर्ष, यंत्र अभियांत्रिकी